दहा पिवळे पैलवान

१

केशवमूर्ती मास्तर दालनाच्या मधोमध उभे होते. दोन्ही हातांनी डोकं धरून एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होते. "माझ्या पैलवानांना कावीळ झालीय हो, मुकुंदण्णा! कावीळ!"

मी शिडीवर होतो. हातात हातोडी, तोंडात दोन खिळे. चोवीस चौकटी टांगून टांगून कंबरेचा काटा ढिला झालेला, आणि सकाळी दहा वाजता हा म्हातारा कावीळ काढून बसला. मनात म्हटलं, झालं! चष्म्याचा नंबर वाढला यांचा आणि खापर फुटणार माझ्या काचांवर. मैसूरमध्ये सत्तावीस वर्षं मी फोटोंना चौकटी बसवतोय. फोटो वाईट आला की लोक पहिल्यांदा चौकटवाल्याकडेच बघतात, हा माझा अनुभव आहे.

खाली उतरलो, दोन पावलं मागे गेलो, आणि तोंडातला एक खिळा गिळतागिळता वाचलो.

मास्तर खरंच सांगत होते. मास्तर म्हणजे शाळेतले निवृत्त चित्रकला शिक्षक. तीस वर्षं मैसूरच्या तालमींमध्ये बसून त्यांनी पैलवानांचे फोटो काढले, सगळे कृष्णधवल. आयुष्यातलं पहिलं प्रदर्शन सत्तराव्या वर्षी लागत होतं. छापताना त्यांची एकच अट होती. काळं, पांढरं आणि मधलं करडं, बस्स. तपकिरी झाक नको, निळी नको, कुठलीच नको. आणि इथे भिंतीवर एका पैलवानाचा खांदा लोखंडासारखा दिसत होता, तर शेजारच्याचा जुन्या वर्तमानपत्रासारखा. मी मोजले. चोवीसपैकी दहा पिवळट.

"चौकटी बसवताना नाही दिसलं तुम्हाला?" मास्तरांनी विचारलं.

नव्हतं दिसलं. खोटं कशाला बोलू? फोटो माझ्याकडे गठ्ठ्याने येत. एका गठ्ठ्यातले सगळे सारखेच, त्यामुळे नजरेला सवय होऊन जाते. आज पहिल्यांदा दोन गठ्ठ्यांतले शेजारीशेजारी लागले होते. आणि उद्घाटन उद्या संध्याकाळी पाचला.

मी नंजुंडस्वामींना फोन लावला. फोटो त्यांच्या स्टुडिओत छापलेले. ते दहा मिनिटांत आले, मागोमाग त्यांचा कागदवाला इर्शाद पाशा. नंजुंडस्वामींनी एका पिवळ्या पैलवानाला नाक लावून बघितलं आणि तिथेच, आम्हा तिघांसमोर, निकाल देऊन टाकला.

"हेमा! माझी चांगली शाई बाहेर विकते आणि यंत्रात बाजारातली भरते. कुणकुण होतीच मला, आता पुरावाही आहे." ते आमच्याकडे वळले. "अकरा वर्षं मुलीसारखी वागवली. आज संध्याकाळी पाचनंतर ती माझ्या दुकानात दिसायला नको. आणि उद्या इथे गावातले सगळे फोटोवाले येतीलच, त्यांनाही सांगतो. पुन्हा कुणी तिला यंत्राच्या जवळ उभं करणार नाही!"

मैसूर एवढंसं गाव. फोटो छपाईच्या धंद्यात एकदा शाईचोर म्हणून नाव पडलं की त्या माणसाने दुसरं काम शोधावं. आणि त्यांच्या यंत्रावर छपाई करणाऱ्या हेमावतीला दुसरं काहीच येत नव्हतं. तिला करायचंही नव्हतं.

२

दुपारी घरी जेवायला बसलो तरी घास उतरेना.

"जावईबापू, ताटावर उसासे टाकू नका. सार उडतंय," सासूबाई म्हणाल्या.

माझ्या सासूबाई म्हणजे कमलाक्षम्मा. मी इथल्या रिवाजाप्रमाणे त्यांना अत्ते म्हणतो. वय एकाहत्तर. एका रेशीम गिरणीच्या रंगखात्यात चौतीस वर्षं होत्या. काम एकच, रंगवलेल्या लडी बघायच्या आणि छटा जुळते की नाही ते सांगायचं. त्यांनी "नाही" म्हटलं की अख्खा घाणा परत जायचा. ती सवय अजून गेलेली नाही. माझ्या पंचवीस वर्षांच्या संसारात मी आणलेली एकही साडी त्यांनी पास केलेली नाही.

मी सगळं सांगितलं. त्यांनी पान लावता लावता ऐकलं. चुन्याची डबी बंद केली आणि म्हणाल्या, "दहाच का?"

"म्हणजे?"

"शाई वाईट तर चोवीसही वाईट हवेत. दहाच का? चला, उठा."

"अत्ते, माझा भात राहिलाय."

"भात कुठे पळून जात नाही. त्या पोरीची नोकरी पाच वाजता जातेय."

स्टुडिओत पोचलो तर दारात दसऱ्याला कुंकू भरून फोडलेल्या कोहळ्याचा लाल डाग अजून तसाच होता, अकरा दिवस झाले तरी. छपाईच्या खोलीबाहेर हेमावती स्टुलावर बसली होती. पाठ ताठ, ओठ घट्ट मिटलेले, डोळे कोरडे. रडली असती तर बरं वाटलं असतं मला. आत काचेपलीकडे तो मोठा प्रिंटर, आणि त्याच्यावर तिच्या अक्षरातल्या दोन पाट्या. एक, "खोलीत कॉफी, चहा, पाणी आणू नये." दुसरी, "प्रिंटरला हळदकुंकू लावू नये." दसऱ्याचा सुकलेला झेंडूचा हारसुद्धा प्रिंटरवर नव्हता, बिचारा बाजूच्या खिळ्याला लटकत होता.

नंजुंडस्वामींच्या टेबलावर पुरावा ठेवलेला होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत एक छोटी बाटली, आत काळंभोर पाणी. वर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर त्यांची सही.

"ही तिच्या पिशवीत सापडली. उद्या बंगळूरला तपासायला पाठवतोय," ते म्हणाले.

इर्शाद पाशा कोपऱ्यात चुळबुळत होता. "अम्मा, मी फक्त बघितलं ते सांगितलं. चार दिवसांपूर्वी कागद द्यायला आलो, तर ही प्रिंटरपाशी उभी राहून या बाटलीतलं काहीतरी झाकणात ओततेय. मला बघून दचकली. देवाशपथ, एवढंच."

अत्ते हेमावतीकडे वळल्या. "काय गं, काय आहे हे?"

"त्यांना वाटतं ना शाई आहे? मग शाईच," हेमावती म्हणाली. "अकरा वर्षांनंतर मी काय सांगू?"

"बघा, बघा, तोंड बघा!" नंजुंडस्वामी ओरडले.

अत्तेंनी शांतपणे पिशवी उचलली आणि चिकटपट्टी टरकन ओढली.

"अम्मा! माझी सही आहे त्यावर!"

"पुन्हा करा. तुमच्या पेनातली शाई तर कुणी नाही ना चोरली?"

झाकण उघडलं, वास घेतला. मग मला काही कळायच्या आत त्यांनी एक थेंब बोटावर घेतला आणि जिभेला लावला.

"अत्ते!" मी किंचाळलो. "विष असेल!"

त्यांनी जीभ टाळ्याला लावली, भुवया उंचावल्या आणि म्हणाल्या, "चिकोरी जास्त झालीय."

३

कॉफी! घरून आणलेला, गाळून घट्ट केलेला कॉफीचा अर्क. नंजुंडस्वामींनी बाटली हातात घेतली, वास घेतला, आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"अगं बाई, मग बोलली का नाहीस?" मी हेमावतीला म्हटलं.

तिने त्या पहिल्या पाटीकडे बोट दाखवलं. मान खाली गेली. "नियम माझाच. सरांच्या मेव्हण्यांनासुद्धा मी कपासकट बाहेर काढलंय. आणि मीच रोज तिथे उभी राहून... कोपऱ्यावरची कॉफी प्यायला होत नाही हो मला. कसं सांगू?"

मला हसू फुटलं. इर्शाद पाशाही हसला. क्षणभर वाटलं, सुटली बिचारी! पण नंजुंडस्वामी इतक्या लवकर हार मानणाऱ्यांतले नव्हेत.

"कॉफी तर कॉफी. फोटो पिवळे आहेत ना अजून? तपकिरी कॉफी, पिवळे फोटो! सांडली असेल यंत्रात!"

"तुमच्या डोक्यात सांडलीय," अत्ते म्हणाल्या. "फोटो आणा."

येताना मी दालनातून दोन चौकटी उचलून आणल्याच होत्या, एक चांगली, एक पिवळी. अत्तेंनी मला त्या उघडायला लावल्या. मग दोन्ही फोटो खिडकीशी, दिवसाच्या उजेडात, काठाला काठ लावून ठेवले आणि चित्रं माझ्या पुठ्ठ्यांनी झाकली, असे की फक्त भोवतालचा कोरा कागद दिसावा.

"बघा आता. कुठला पिवळा, सांगा."

सगळे वाकले. नंजुंडस्वामींनी डावा सांगितला, इर्शादने उजवा. मी गप्प बसलो, कारण मला काहीच फरक दिसत नव्हता.

"फरक नाहीच," अत्ते म्हणाल्या. "दोन्ही कागद सारखेच पांढरे. म्हणजे इर्शादभाईंचा कागद जुनाट नाही. आणि याच काचेखाली काठ पांढरे दिसत होते, तेव्हा काचही पिवळी नाही. जावईबापू, सुटलात तुम्ही."

इर्शादने दोन्ही हात वर करून देवाचे आभार मानले. मीही मानले असते, पण माझ्यावर संशय होता हे मला आत्ताच कळत होतं.

अत्तेंनी फोटो उलटे केले. मागे पेन्सिलीने तारखा, आणि त्याच मी चौकटींच्या पाठीवरही उतरवतो. मी दालनातल्या राखणदाराला फोन करून बाकीच्यांच्या तारखा वाचायला लावल्या. चौदा चांगले फोटो दसऱ्याच्या आधीचे. दहा पिवळे दसऱ्यानंतरचे. एकही इकडचा तिकडे नाही.

"दसऱ्यानंतर काय बदललं?"

"कागदाचा नवा गठ्ठा आला," हेमावती म्हणाली. आता ती स्टुलावरून उठून खोलीच्या दारात उभी होती. "गठ्ठा बदलला की मी शाईची कृती नव्याने बसवते."

"कृती म्हणजे? मला स्वयंपाकातलीच कळते," अत्ते म्हणाल्या. हे काही खरं नव्हतं, पण त्यांना समोरच्याला बोलतं करायची सवय आहे.

हेमावतीचा आवाज हळूहळू मोकळा झाला. "अम्मा, काळी शाई म्हणजे काजळी. काजळ पाण्यात पातळ केलं की कसं तपकिरी दिसतं? तसंच. नुसत्या काळ्या शाईने छापलं तर करडा रंग पिवळट येतो. म्हणून त्यात चिमूटभर निळं टाकायचं. जास्त झालं तर फोटो थंडगार निळा, कमी झालं तर पिवळा. किती टाकायचं ते कागदागणिक बदलतं. तीच कृती."

"जुनी कृती आहे?"

"संगणकात आहे."

"मग आजच्या शाईने, आजच्या कागदावर, जुन्या कृतीने हा पिवळा पैलवान पुन्हा छाप."

वीस मिनिटं. प्रिंटर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे घरघरत होता आणि आम्ही पाचजण काचेला नाकं लावून उभे. मास्तरही येऊन पोचले होते. आधी आखाड्याचा कौलारू माथा बाहेर आला, मग डोकं, मग खांदा.

करडा. स्वच्छ, निखळ करडा. किंचित कमीजास्त असेल, पण पिवळा अजिबात नाही.

"हाच!" मास्तर ओरडले. "हाच माझा बसवय्या!"

"म्हणजे शाई चोख," अत्ते म्हणाल्या. "कुणी काही विकलं नाही, कुणी काही भरलं नाही. शाई तीच, कागद तोच. बिघडलीय ती फक्त नवी कृती." त्या थांबल्या. "ती कुणी बसवली?"

नंजुंडस्वामींनी हळूच घड्याळाकडे बघितलं. साडेतीन.

"मी," हेमावती म्हणाली. "मी एकटीने."

४

"आता बोला!" नंजुंडस्वामी म्हणाले. पण आवाजात सकाळचा जोर नव्हता. "चोरी नाही तर नाही. पण मास्तरांच्या आयुष्याचं काम असं हलगर्जीपणे करायचं? चोर आणि निष्काळजी, मला दोन्ही नकोत."

खरं सांगतो, माझाही धीर सुटला. चोरीचा आळ गेला आणि चुकीचा बसला. चुकीला तर साक्षीदारही लागत नाही, तिनेच कबूल केलेलं.

हेमावतीने कपाटातून एक जाड फाईल काढली आणि अत्तेंसमोर आपटली. आता मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अम्मा, मी निष्काळजी नाही. मी नजरेवर विसंबत नाही, नजर फसते. करड्या रंगाच्या एकवीस पट्ट्या छापते, गडद ते फिकट. एकेक पट्टी रंग मोजायच्या मीटरने मोजते. शून्य म्हणजे ना पिवळं, ना निळं. नव्या कृतीच्या एकवीसही पट्ट्या शून्य आहेत. हे बघा. मलासुद्धा वाटलं होतं की जरा पिवळट आहे. पण मीटर म्हणालं शून्य. मग मी माझ्या डोळ्यांचंच चुकतंय असं धरलं."

अत्ते बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिल्या. मग पट्ट्यांच्या कागदाकडे. "ही पट्टी शून्य?"

"मीटर म्हणतं."

"माझे डोळे म्हणतात पिवळी. तुझेही म्हणाले होते." त्यांनी फाईलची पानं मागे उलटली. "जुन्या कृतीच्या पट्ट्या ठेवल्यास?"

"सगळ्या ठेवते. अंधारात, पाकिटात. वर आकडे लिहून."

"मग त्याच आज पुन्हा मोज."

मीटर म्हणजे साबणाच्या वडीएवढी वस्तू, तिच्या छोट्या डबीत बसवलेली. हेमावतीने ती उचलली, भाद्रपदातला कागद काढला आणि पहिली पट्टी मोजली. पडद्यावर आकडा आला. ती गोंधळली. दुसरी मोजली. तिसरी. पाचवीनंतर तिने मीटर खाली ठेवलं.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"गेल्या महिन्यात हीच पट्टी शून्य होती. आज मीटर म्हणतंय निळी आहे."

"पाकिटात ठेवलेला कागद महिन्याभरात आपला आपण निळा होतो का?" अत्तेंनी विचारलं.

"शक्यच नाही."

"म्हणजे मीटर बिघडलं," इर्शाद म्हणाला.

"दोन वर्षंही नाही झाली त्याला!" नंजुंडस्वामी कळवळले.

अत्तेंनी मान हलवली. "बिघडलेलं यंत्र आज एक सांगतं, उद्या दुसरं. हे प्रत्येक पट्टीला एकच खोटं सांगतंय, अगदी ठामपणे. आमच्या खात्यात असं व्हायचं तेव्हा आम्ही एकच प्रश्न विचारायचो." त्यांनी मीटरकडे बोट केलं. "याला पांढरं म्हणजे काय, हे कोण सांगतं?"

५

हेमावतीने डबीकडे बघितलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "तीच."

डबीच्या तळाशी नाण्याएवढी एक पांढरी गोल चकती होती. रोज सकाळी मीटर त्या चकतीवर बसतं, तिला बघतं, आणि हेच पांढरं असं धरून दिवसभराचं बाकी सगळं त्यावरून मोजतं.

सगळे चकतीवर झुकले. पांढरी होती. मला तरी पांढरीच दिसली.

"पांढरीच आहे की," मी म्हणालो.

"तुम्हाला चंदेरी साडी पांढरी दिसते, तुम्ही गप्प बसा." अत्तेंनी अंबाड्यातल्या गजऱ्याचं एक मोगऱ्याचं फूल तोडलं आणि पाकळी चकतीशेजारी ठेवली.

अरे देवा! पाकळीशेजारी चकती एकदम सायीसारखी दिसायला लागली.

"स्पिरिट आणि कापूस," अत्ते म्हणाल्या.

हेमावतीने दिलं. त्यांनी चकती पुसली आणि कापूस उजेडात धरला. अगदी फिका, पण निःसंशय पिवळा. मग त्यांनी कनवटीची चुन्याची डबी काढली, बोटावर कणभर चुना घेतला आणि कापसाच्या त्या डागावर चोळला.

डाग लाल झाला.

आता चुना लागून लाल होणारी पिवळी वस्तू कोणती, हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. कुंकू करतात तसंच ते.

"हळद," मास्तर म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी एकाच वेळी प्रिंटरवरची दुसरी पाटी वाचली, आणि एकाच वेळी नंजुंडस्वामींकडे वळलो.

"मी प्रिंटरला हात नाही लावला!" ते एकदम म्हणाले. "आयुधपूजेला मीच पूजा केली, पण प्रिंटरला बोट नाही लावलं! हेमाची पाटी मी पाळली. विचारा तिला, हारसुद्धा खिळ्याला लावला!"

"प्रिंटरचं नाही विचारत," अत्ते गोडपणे म्हणाल्या. "बाकी कशाकशाला हळदकुंकू लावलं तेवढं सांगा."

"सगळ्यालाच लावतात, अम्मा, तुम्हाला माहीत नाही का? कात्री, कटर, कॅमेरे, तिपाया, शिडी, स्कूटर, टाचण्यांचं यंत्र..." ते बोटं मोजत होते आणि आवाज उतरत चालला होता. "मीटर."

"मीटरला?"

"नुसत्या मीटरला नाही. डबी उघडली तर आत ती पांढरी गोल जागा... मला वाटलं, पूजेसाठीच ठेवलीय. प्रिंटरला तर लावायचं नाही, आणि रोज काम करणाऱ्या यंत्राला तसंच कसं ठेवायचं? मन मानेना. म्हणून प्रिंटरच्या वाट्याची हळद मी तिथे लावली." त्यांनी हेमावतीकडे बघायचं टाळलं. "मग हेमा ओरडेल म्हणून घाबरलो आणि पंच्याच्या टोकाने पुसून टाकली. स्वच्छ पुसली हो! दिसतसुद्धा नव्हती."

"दिसत नव्हती तुम्हाला," अत्ते म्हणाल्या. "त्या मीटरला बिचाऱ्याला तुम्ही हळद दाखवून सांगितलंत, हे बघ, हे पांढरं. त्याने ऐकलं. मग खरं करडं त्याला निळं दिसायला लागलं. ते या पोरीला म्हणालं, निळं कमी कर. तिने विश्वासाने केलं. तुमचे पैलवान पिवळे झाले ते असे, मास्तर. चोर नाही, हलगर्जी नाही. इथे फक्त एक भक्त आहे."

हेमावती मटकन कागदाच्या खोक्यावर बसली आणि आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. सकाळपासून ताठ धरलेली तिची पाठ एकदाची सैल झाली. माझ्याही छातीवरचा धोंडा उतरला, आणि तेव्हा मला आठवलं की माझा भात राहिलाय.

नंजुंडस्वामी तिच्यासमोर उभे होते. त्यांनी हात जोडले आणि तोंड उघडलं.

"सर," हेमावती नाक पुसत म्हणाली, "दहा फोटो छापायचेत. एकेकाला वीस मिनिटं. नंतर बोला."

६

चकती पुसल्यावर भाद्रपदातल्या पट्ट्या पुन्हा शून्यावर आल्या. नवी कृती सहा वाजेपर्यंत बसली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी दहाही चौकटी पुन्हा बांधल्या, आणि पाचला दोन मिनिटं कमी असताना सगळ्यात शेवटी बसवय्या भिंतीवर चढला. चोवीस पैलवान, एकाच मातीतले वाटत होते.

दालन भरलं होतं. गावातले यच्चयावत फोटोवाले आले होते. मास्तरांचं बोलून झालं आणि नंजुंडस्वामी उठून उभे राहिले. हेमावती मागे, दारापाशी उभी होती. मी तिच्या शेजारी होतो, आणि तिने माझ्या सदऱ्याची बाही घट्ट धरली ते तिला कळलंही नसेल.

"काल मी ठरवलं होतं," नंजुंडस्वामी म्हणाले, "की आज इथे तुम्हा सगळ्यांना एक नाव सांगायचं. सांगतो. हेमावती. हे चोवीस फोटो तिने छापलेत. त्यातले दहा पहिल्यांदा बिघडले, ते मी बिघडवले. कसे, ते विचारू नका, लाज वाटते. आणि मी तिला तिघांसमोर चोर म्हणालो. म्हणून आज सगळ्यांसमोर सांगतोय. मी चुकलो." ते खाली बसणार होते, पण पुन्हा उठले. "तिच्याइतकं चोख काम मैसूरमध्ये कुणी करत नाही. माझ्या स्टुडिओतसुद्धा नाही. मी तर नाहीच नाही."

लोक हसले, मग टाळ्या वाजल्या. मास्तरांनी सगळ्यात जोरात वाजवल्या. माझे डोळे भरून आले, आणि शेजारी अत्ते म्हणाल्या, "जावईबापू, रुमाल तरी पांढरा वापरत जा."

गर्दी पांगायला लागली तसा चामराजपुरमचा एक स्टुडिओवाला हेमावतीपाशी आला. मोठा माणूस, चार यंत्रं बाळगणारा.

"अक्का, आमच्याकडे करड्याला हिरवी झाक येते. सहा महिने डोकं फोडतोय. एकदा येऊन बघाल का?"

ती एकदम नंजुंडस्वामींकडे वळली. काल दुपारपर्यंत तिला कुणीच यंत्राच्या जवळ उभं करणार नव्हतं. नंजुंडस्वामींनी ऐकलं होतं. त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं.

"जा, बघून ये," ते म्हणाले. मग घाईघाईने पुढे झाले. "पण परत ये हं."

"येते ना सर," हेमावती म्हणाली.